सल्ला हवा: नवऱ्याचा मुतखडा – लिथोट्रिप्सी की दुर्बीण? (आणि सासऱ्यांचा एक फॉरवर्ड)

कर्वेनगरवाली | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी नुसती वाचते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नवरा, वय ३८, हिंजवडीत आयटी. गेल्या बुधवारी पहाटे तीनला डाव्या कुशीत असं काही दुखायला लागलं की माणूस बसेना, उभा राहीना, आडवा होईना. आधी गॅस धरला असेल म्हणून ओवा आणि काळं मीठ दिलं. तिसऱ्या उलटीनंतर कॅब बोलावून हॉस्पिटल गाठलं. इंजेक्शन दिल्यावर झोपला. सकाळी सोनोग्राफी झाली: डाव्या किडनीत १२ मिमीचा खडा, किडनीला थोडी सूज. लघवीत रक्तपेशी, क्रिएटिनीन नॉर्मल, ताप नाही.

आतापर्यंत दोन युरोलॉजिस्ट झाले. पहिले म्हणाले, लिथोट्रिप्सी करू, म्हणजे ध्वनिलहरींनी बाहेरूनच फोडू, कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. दुसरे म्हणाले, त्या भानगडीत पडू नका, दुर्बीण घालून लेझरने एकदाच काय तो निकाल लावू. दोघांच्याही दाराबाहेर सारखीच गर्दी. आता कुणाचं ऐकायचं?

आणखी एक. सासरे ७१ वर्षांचे. प्रोस्टेट वाढलंय, ५२ ग्रॅम, रात्री चार-पाच वेळा उठतात. त्यांना एक फॉरवर्ड आलाय, ‘ऑपरेशनशिवाय ध्वनिलहरींनी प्रोस्टेट कायमचे बरे’. त्यांचं म्हणणं, बापलेकांचं एकाच मशीनवर होत असेल तर एकदमच करून टाकू, दोन खेपा नकोत. मी हसले नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी कृपया लिहा.

---

पेठेतला_पेन्शनर | मंगळवार, सकाळी ६.०५

सुनबाई, १९८३ साली माझा उजवीकडचा खडा कापून काढला. बरगडीखालून पोटापर्यंत वीतभर टाके पडले आणि पंधरा दिवस खाटेवर काढले. खडा बाटलीत घालून दिला होता, तो बरीच वर्षं शोकेसमध्ये होता. तेव्हा हल्लीच्या लोकांनी ‘लहरी की लेझर’ म्हणून चिंता करणं हेच मला चैनीचं वाटतं.

बाकी कुळथाचं कढण रोज, पानफुटीची दोन पानं अनशापोटी आणि सिंहगड रोडवरून स्कूटर. पैकी तिसरं सर्वात गुणकारी.

---

भूलभुलैया | मंगळवार, सकाळी ७.४०

भूलतज्ज्ञ आहे. धाग्यावर उपचार करत नाही, पण दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, हा निर्णय सोनोग्राफीवर होत नाही. सोनोग्राफीत खडा जरा मोठा दिसतो आणि तो किती कडक आहे हे तर कळतच नाही. साधा सीटी केयूबी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन) करा. त्यात डाय टोचावा लागत नाही, लो-डोस सांगितलात तर रेडिएशनही कमी. रिपोर्टमध्ये तीन आकडे येऊ देत: खड्याचा आकार, त्याचा एचयू (यावरून कडकपणाचा अंदाज येतो) आणि त्वचेपासून खड्यापर्यंतचं अंतर. नेमकी जागाही हवी. वरचा कप्पा, मधला, खालचा की किडनीच्या तोंडाशी, यावर बरंच अवलंबून असतं. हे चार हाताशी आले की ते दोन डॉक्टर तुम्हाला वाटतं तितके एकमेकांविरुद्ध बोलणार नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. यादरम्यान थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सीटी-बिटीची वाट बघू नका. खड्याने अडवलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर ती इमर्जन्सी असते. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

काका, पानफुटीला माझा विरोध नाही, पण १२ मिमीचा खडा पानाने पडत नाही. ४-५ मिमीपर्यंतचे बहुतेक आपोआप पडतात. त्या आठवड्यात जो काही काढा चालू असतो, श्रेय त्याला मिळतं.

---

वाघोली_टँकर | मंगळवार, सकाळी ९.१५

वाचतोय. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, सगळ्यांनाच खडे. वाचनखूण साठवली.

---

आंबेगावचा_अनुभवी | मंगळवार, दुपारी १.२०

ताई, मी लिथोट्रिप्सीत हात पोळलेला माणूस आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

माझा खडा १६ मिमी, खालच्या कप्प्यात. सीटी कुणी काढायला सांगितला नाही, सोनोग्राफी आणि एक्स-रेवरच मला टेबलावर घेतलं. पहिल्या सिटिंगला ‘छान फुटलाय’, दुसऱ्याला ‘थोडा राहिलाय’, तिसऱ्याला ‘खडा कडक आहे हो’. तीन सिटिंगचे पैसे, तीन रजा आणि तीन वेळा लाल लघवी. शेवटी दुसरीकडे गेलो. त्या डॉक्टरांनी आधी सीटी काढला: १३५० एचयू. ते एवढंच म्हणाले, ‘हा लहरींनी फुटणारा नव्हता, आणि फुटला असता तरी खालच्या कप्प्यातून चुरा वर चढून बाहेर यायला हवा ना.’ मग पीसीएनएल केलं, पाठीतून छोटं भोक पाडून. त्यात गंमत अशी की तिथेही खडा ध्वनिलहरींनीच फोडला! आत घातलेली पोकळ सळई थरथरून खडा फोडते आणि त्याच सळईतून चुरा ओढून घेते. डॉक्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला. घर झाडणारा व्हॅक्युम क्लीनरच जणू.

मुद्दा एवढाच. मशीन वाईट नव्हतं, माझा खडा त्या मशीनचा नव्हता.

---

मशीनवाला | मंगळवार, रात्री १०.५०

बायोमेडिकल इंजिनिअर आहे. बरीच वर्षं हॉस्पिटलांमधली मशीनं, त्यात खडे फोडणारे लिथोट्रिप्टरही, दुरुस्त करत हिंडलो. त्यामुळे वैद्यकीय सल्ला नाही, मशीनच्या बाजूने सांगतो. प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सासऱ्यांच्या ‘एकाच मशीनवर’पासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. मराठीत आपण सगळ्यालाच ध्वनिलहरी म्हणून मोकळे होतो. सोनोग्राफीही ध्वनिलहरी, खडा फोडणंही ध्वनिलहरी, फिजिओ गुडघ्यावर फिरवतो तेही आणि प्रोस्टेटचं तेही. यात साम्य तेवढंच, जेवढं देवापुढच्या निरांजनात आणि वेल्डिंगच्या ठिणगीत.

खडा बाहेरून फोडतात ती खरं तर शॉकवेव्ह. अल्ट्रासाउंडसारखी सलग लहर नाही, एकेक सुटा, जबरदस्त दाबाचा धक्का. या कल्पनेचं मूळ विमानात आहे. जर्मनीतली डॉर्निएर ही विमानं बनवणारी कंपनी. अतिवेगाने उडणाऱ्या विमानाच्या पत्र्यावर पावसाचे थेंब आदळून खड्डे का पडतात, यावर त्यांचं काम चालू होतं. त्यातून लक्षात आलं की असा धक्का घन वस्तूतून आरपार जातो आणि आत कुठेतरी तिला फोडू शकतो. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या पेशंटचा खडा असा बाहेरून फोडला. त्या काळी पेशंटला चक्क पाण्याने भरलेल्या टबात बसवत. (पेन्शनरकाका, तुमच्या टाक्यांच्या तीन वर्षं आधी! पण ते मशीन जगभर पोचायला वेळ लागला.)

पाणी का, तर आपलं शरीरही बहुतांशी पाणीच. धक्का पाण्यातून त्वचेत, मांसात, किडनीत फारसा न अडता जातो. खडा लागला की माध्यम बदलतं आणि सगळी ताकद तिथे उतरते. कधी खड्याची मागची बाजू आतून ताणून तडकते, कधी सगळा खडाच चारी बाजूंनी आवळला जातो, कधी भोवतालच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पृष्ठभाग कुरतडतात. हवा मात्र शत्रू. म्हणून फुप्फुस आणि गॅसने भरलेलं आतडं वाटेत येऊ देत नाहीत.

हे सगळं एका बिंदूवर आणायचं कसं? बारावीला लंबवर्तुळ शिकलो ते इथे कामाला येतं. त्याच्या एका नाभीतून (फोकसमधून) निघालेली लहर परावर्तित होऊन बरोबर दुसऱ्या नाभीत गोळा होते. जुन्या मशीनमध्ये पहिल्या नाभीवर पाण्याखाली ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीवर पेशंटचा खडा आणायचा. हल्ली बरीच मशीनं विद्युतचुंबकीय असतात, काही वीज दिली की थरथरणाऱ्या पिझो स्फटिकांची. टब गेला, त्याजागी पाण्याने फुगवलेली रबरी गादी आली. ती पाठीला टेकवतात, मध्ये जेल.

आता हे जेल. आंबेगावकरांच्या तीन सिटिंगांत काय झालं मला माहीत नाही, पण मी जे डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो. जेल बोटाने फासलं की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. वर चकाचक दिसतं, खाली गादी आणि त्वचा यांमध्ये जाळी झालेली असते. प्रत्येक बुडबुडा म्हणजे लहरीला बंद दार. चांगला टेक्निशियन जेलचा गोळा मधोमध ठेवतो आणि गादी हळूच दाबून तो चहूकडे पसरू देतो, हाताने सारवत नाही. पेशंट मध्येच हलला तर गादी काढून परत जेल लावतो. पंधरा पैशांच्या काळजीवर लाखोंचं मशीन चालतं.

दुसरी मेख वेगाची. मिनिटाला ६० धक्के दिले तर खडा १२० पेक्षा चांगला फुटतो आणि किडनीलाही त्रास कमी. अभ्यासांतून हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. पण हिशेब करा. ३००० धक्के ६० च्या वेगाने म्हणजे ५० मिनिटं, १२० ने २५. बाहेर बाकावर दहा जण बसलेत. आता वेग काय ठेवला जात असेल? म्हणून विचारा, ‘डॉक्टर, रेट किती ठेवता? सुरुवात कमी ताकदीने करता ना?’ कमी ताकदीने सुरू करून हळूहळू वाढवणं किडनीच्या भल्याचं असतं. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

अवांतर: कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन जिथे आहे तिथे पाटी लागतेच. मी सत्तरीच्या आजोबांना ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’च्या खाली प्रोस्टेट मोजून घेताना रोज बघतो. एकदा एक आजोबा म्हणाले, ‘मुलगाच असणार, एवढा त्रास देतोय.’

---

कर्वेनगरवाली | बुधवार, सकाळी ८.३०

बापरे, किती माहिती! दंडवत. सीटी आज करतोय. शेजारच्या काकू म्हणतात त्यांच्या फिजिओकडे अल्ट्रासाउंडचं मशीन आहे, त्याने खडा विरघळतो का? विचारायला लाज वाटते, पण विचारते.

---

पाठीराखी | बुधवार, सकाळी ९.०५

फिजिओथेरपिस्ट आहे, लाजू नका, मला हे आठवड्यातून एकदा विचारतात. आमचं मशीन १ किंवा ३ मेगाहर्ट्झचं, पसरट लहरींचं. ते स्नायूला, लिगामेंटला ऊब देतं. खड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. आणि कुशीत कळ आलेल्या माणसाला ‘स्नायू आखडलाय’ समजून शेकत बसलं तर दिवस वाया जातात, तो धोका वेगळाच.

---

नको_नाव | बुधवार, रात्री १२.१५

आयडी नवीन आहे, कारण उघड आहे. विषय निघालाच आहे तर विचारतो. पेपरात पत्रकं येतात, ‘शॉकवेव्हने पुरुषांची समस्या सोडवा, सहा सिटिंग, गोळी नको’. पॅकेजचा आकडा बघून पत्रक दोनदा वाचलं. यात तथ्य आहे का?

---

भूलभुलैया | गुरुवार, सकाळी ७.१०

@नको_नाव, इथे विचारलंत ते बरं केलंत. कमी ताकदीच्या शॉकवेव्हने रक्तवाहिन्यांना चालना मिळते अशी कल्पना आहे. काही अभ्यासांत सौम्य त्रास असलेल्यांना फायदा दिसलाय. युरोपातले तज्ज्ञ जरा मोकळे आहेत. अमेरिकन युरोलॉजी असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत अजून प्रायोगिकच धरली. म्हणजे खोटं नाही, पण पत्रकावर छापण्याइतकं पक्कंही नाही.

पैसे भरण्यापूर्वी मशीन बघा. खरी फोकस केलेली शॉकवेव्ह वेगळी आणि टाचदुखीसाठी वापरतात ती हवेच्या दाबावर ठकठकणारी रेडियल वेगळी. दुसरीची लहर वरच्यावरच विरते. पत्रकात दोन्हींना एकच नाव असतं. आणि मुख्य म्हणजे या तक्रारीमागे साखर, रक्तदाब किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या असू शकतात. आधी एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) करा, मग पॅकेज. गोळी चालत असेल तर गोळीच स्वस्त पडते.

---

नको_नाव | गुरुवार, सकाळी ७.३०

धन्यवाद डॉक्टर. पत्रक रद्दीत.

---

पेठेतला_पेन्शनर | गुरुवार, सकाळी ७.४५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

मशीनवाला | गुरुवार, रात्री ९.००

सासऱ्यांचं राहिलं होतं. फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय ते बहुधा हायफू, म्हणजे हाय इंटेन्सिटी फोकस्ड अल्ट्रासाउंड. इथे मात्र खरोखरच अल्ट्रासाउंड आहे. लहानपणी भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळायचो ना, तेच तत्त्व. गुदद्वारातून घातलेल्या प्रोबमधून लहरी एका ठिपक्यावर गोळा करतात. ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, तिथलं तापमान काही सेकंदांत ६० अंशांच्या वर जातं आणि तेवढाच भाग शिजून मरतो. मग शेजारचा दाणा, मग त्याच्या शेजारचा. मध्ये येणारी गुदाशयाची भिंत भाजू नये म्हणून प्रोबमध्ये थंड पाणी फिरत असतं.

पण हे वापरतात प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी, तेही ग्रंथीच्या आतच राहिलेल्या कॅन्सरसाठी. अमेरिकेच्या एफडीएने प्रोस्टेटमधला भाग नष्ट करण्यासाठी अशा यंत्राला मान्यता दिली ती २०१५ मध्ये. त्यानंतर २०१९ मध्ये आणखी एक तऱ्हा मान्य झाली. तिच्यात नळी मूत्रमार्गातून घालतात आणि एमआरआयमध्ये तापमान बघत बघत आतून बाहेर शेकतात. वयानुसार वाढलेल्या साध्या प्रोस्टेटवर नव्वदच्या दशकात हायफूचे प्रयोग झाले होते. काही वर्षांनी बऱ्याच जणांना शेवटी दुर्बिणीचं ऑपरेशन करावंच लागलं, म्हणून ते मागे पडलं.

तेव्हा बापाचं मशीन वेगळं, लेकाचं वेगळं. आणि बापाला बहुधा दोन्ही नकोत.

---

भूलभुलैया | गुरुवार, रात्री १०.२५

मशीनवाल्यांशी सहमत. भर घालतो. ५२ ग्रॅम हा आकडा बघून घाबरायचं नसतं, त्रास किती आहे ते बघायचं. लघवीची धार मोजायची टेस्ट, लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), एवढं आधी करा. बऱ्याच जणांचं टॅम्सुलोसिनसारख्या गोळीवर भागतं, फक्त पहिल्या दिवसांत चक्कर येते, पलंगावरून सावकाश उठायला सांगा. नाही भागलं तर टीयूआरपी (दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडणं) आहे, होलमियम लेझर आहे. आणि संध्याकाळी सातनंतरचा चहा बंद केला तरी रात्रीची एक खेप कमी होते. आमच्या घरी हा प्रयोग यशस्वी झालाय, गृहशांती मात्र भंगली.

---

कर्वेनगरवाली | शुक्रवार, दुपारी ३.४०

सीटी आला. शब्दशः लिहिते: डाव्या किडनीच्या पेल्व्हिसमध्ये (म्हणजे किडनीच्या तोंडाशी) ९ x ७ मिमीचा खडा, ७८० एचयू, त्वचेपासून अंतर ८.८ सेमी, सौम्य हायड्रोनेफ्रोसिस (किडनीची सूज). उजवीकडे काही नाही. म्हणजे सोनोग्राफीतले १२ चे ९ झाले!

कागद घेऊन दोघांकडे परत गेलो. पहिले म्हणाले, लिथोट्रिप्सीला अगदी योग्य. दुसऱ्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, हे आकडे असतील तर लहरींनी करून बघायला माझी हरकत नाही, माझ्याकडे ते मशीन नाही इतकंच. मला फार बरं वाटलं. इतका सरळ माणूस क्वचित भेटतो. तेव्हा ठरलं, पुढच्या बुधवारी.

---

आंबेगावचा_अनुभवी | शुक्रवार, दुपारी ४.१०

१००० च्या आत एचयू, १० सेमीच्या आत अंतर, खालचा कप्पा नाही. ताई, लॉटरी लागली तुम्हाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि चहाचं एक जुनं गाळणं लघवी गाळायला वेगळं काढा. त्यावर मार्करने मोठं लिहून ठेवा. पुढे काय काय होतं घरात, सांगता येत नाही.

---

कागदपत्रे_पूर्ण | शुक्रवार, सायंकाळी ६.००

टीपीएमध्ये (मेडिक्लेमचे दावे हाताळणारी कंपनी) काम केलंय, पैशाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. लिथोट्रिप्सी बहुतेक मेडिक्लेममध्ये डे-केअरमध्ये बसते, २४ तास अ‍ॅडमिट असण्याची अट लागत नाही. मात्र मुतखड्याला अनेक पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो आधी बघा. प्री-ऑथ (विमा कंपनीची पूर्वमंजुरी) दोन दिवस आधी टाका, सीटीचा रिपोर्ट जोडा. दुसरं सिटिंग लागलं तर त्याची नवी प्री-ऑथ लागू शकते, डेस्कवर आधीच विचारून ठेवा. हायफू आणि लेझरने प्रोस्टेट हे दोन्ही विमा नियामक आयआरडीएआयच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, पण सब-लिमिट (त्या उपचाराच्या खर्चाची वरची मर्यादा) लावलेली असते. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजनेबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.

---

वाघोली_टँकर | शुक्रवार, रात्री ९.३०

आणि पाण्याचं काय? बोअरच्या जड पाण्याने खडे होतात ना?

---

भूलभुलैया | शुक्रवार, रात्री ११.००

पाणी जड आहे यापेक्षा आपण ते पीत नाही, हा दोष मोठा. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, अडीच लिटर पाणी नव्हे. हिंजवडीच्या एसीत बसून, परतीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास लघवी धरायची म्हणून तीन वाजल्यापासून पाणी बंद करणारे कितीतरी पेशंट मी झोपवलेत. मीठ कमी, लिंबू जास्त. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम कमी केलं तर उलट खडे वाढतात. अळूची भाजी आणि पालक रोज नको, लग्नातलं अळूचं फतफतं चालेल.

---

मशीनवाला | शनिवार, सकाळी १०.२०

स्कूटरवरून आठवलं, पेन्शनरकाकांचा सिद्धांत अगदीच हवेत नाही. अमेरिकेत एका डॉक्टरांनी किडनीचं सिलिकॉनचं मॉडेल पाठपिशवीत घालून डिस्नेच्या रोलर कोस्टरवर फिरवलं. मागच्या सीटवर बसलं तर खडे जास्त पडले! शोधनिबंध २०१६ चा. २०१८ चा इग नोबेलही (गमतीदार संशोधनाचं बक्षीस) मिळाला. पण ते बारीक खडे होते, ९ मिमीचे नव्हते.

पुढचं म्हणाल तर वॉशिंग्टन विद्यापीठातले लोक शॉकवेव्हऐवजी अल्ट्रासाउंडच्या छोट्या छोट्या झोतांनी खडा फोडतायत, पेशंट जागाच असतो, भूल नाही. त्याच तंत्राच्या भावंडाने खड्याला आत ढकलून जागाही बदलता येते. नासाने या कामाला पैसे दिले, कारण अंतराळात हाडांतलं कॅल्शियम झिजतं आणि खड्यांचा धोका वाढतो. मंगळाच्या वाटेवर युरोलॉजिस्ट कुठून आणणार?

---

पेठेतला_पेन्शनर | शनिवार, सकाळी १०.३५

मागची सीट म्हणजे पीएमटीची शेवटची रांग. आम्ही हे चाळीस वर्षांपूर्वीच शोधलं होतं, बक्षीस कुणी दिलं नाही.

---

कर्वेनगरवाली | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ७.१५

धागा वर काढतेय. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

बुधवारी सकाळी उपाशीपोटी गेलो. भूल पूर्ण नव्हती, गुंगीचं इंजेक्शन. मशीनवाले, तुमच्या सांगण्यावरून मी खरंच रेट विचारला. डॉक्टर जरा थबकले, मग म्हणाले, ‘साठ. तुम्ही मेडिकलमध्ये आहात का?’ ५५ मिनिटं लागली. मी काचेबाहेर होते, आवाज येत होता, टक्, टक्, टक्, अगदी घड्याळासारखा. नवरा म्हणतो पाठीवर कुणीतरी कॅरमचा स्ट्रायकर मारतंय असं वाटत होतं. सुरुवातीला हलके, नंतर कॉर्नरची सोंगटी काढतात तसे. पाठीवर गादी टेकली तिथे लालसर गोल उमटलाय, अजून फिकट दिसतो.

पहिल्या दिवशी लघवी लाल, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी नेहमीची. टॅम्सुलोसिन त्यालाही दिली होती, त्यामुळे आता बापलेक दोघंही एकच गोळी घेतात. सासरे म्हणाले, ‘मशीन नाही तर नाही, गोळी तरी एक निघाली!’ त्यांचा पीएसए ठीक आला, रात्री दोनदाच उठतात.

पाचव्या दिवशी परत कळ आली, पण आधीसारखी नाही, अर्धा तास. मग गाळण्यात रव्याएवढे आठ-दहा कण आणि मुगाच्या डाळीएवढा एक तुकडा. करडा-तपकिरी, एका बाजूने काटेरी. एवढ्याशा गोष्टीने सहा फुटाचा माणूस जमिनीवर लोळवला होता. सगळे कण डबीत घालून लॅबला दिले: कॅल्शियम ऑक्झलेट. दोन आठवड्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी झाली. खालच्या कप्प्यात ३ मिमीचा एक कण उरलाय, डॉक्टर म्हणाले बघत राहू, तीन महिन्यांनी परत या. स्टेंट (लघवीची वाट उघडी ठेवायला आत घालतात ती नळी) घालावा लागला नाही.

---

आंबेगावचा_अनुभवी | रविवार, सायंकाळी ७.४०

अभिनंदन! स्टेंट नाही म्हणजे सुटलात. ज्यांना घातला असेल त्यांनी काढायची तारीख फ्रिजवर चिकटवा. आत राहून गेलेल्या स्टेंटवरच खडे चढतात, माझ्या मेहुण्याचं तेच झालं.

गाळण्याचं काय केलंत?

---

कर्वेनगरवाली | रविवार, सायंकाळी ७.५५

तेच सांगणार नव्हते. मार्कर लावला होता. सासूबाईंनी तारेच्या घासणीने घासून काढला, चकाचक करून परत ओट्यावर. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

---

पेठेतला_पेन्शनर | रविवार, रात्री ८.००

चहा कसा होता?